चानीचे उष्टावण

भाषांतर हा माझ्या पोटापाण्याचा व्यवसाय आहे. हिंदी आणि इंग्रजी मजकूर मराठीत आणावयाचा, दुसऱ्यांनी आणलेला असेल तर तो तपासून छपाईस द्यावयाचा, हे काम दिल्लीतील एका सरकारी कचेरीत मी गेली दहा वर्षे करीत आहे. या व्यवसायाची एक खोड अशी की, एखादा शब्द अडला म्हणजे तो घरीही पाठ सोडीत नाही. गेल्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी बालसंगोपनावरील एका हिंदी लेखात ‘दूध छुड़ाना’ हा प्रयोग आला. आपण मराठीत ‘दूध तोडणे’ म्हणतो. मी तसे लिहिले आणि लेखणी थांबली. हिंदीतील आई दूध ‘सोडवते’, मराठीतील आई ते ‘तोडते’, आणि याच अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे मूळ पाहू गेले तर त्याचा जुना अर्थ नुसता ‘सवय लावणे’ एवढाच निघतो. या तिन्हींतले खरे कोणते? याचा निर्णय कोशात व्हावयाचा नव्हता. तो आमच्या घरातील एका खारीच्या पिलाने करून दिला.

पिलू आमच्या घरी आले ते माझ्याच हातून घडलेल्या एका प्रमादामुळे. दिल्लीच्या सरकारी वसाहतींत हिवाळाभर खिडकीबाहेरचे कूलर बंद पडून असतात. एप्रिलच्या मध्यास उन्हाची धग लागू लागली की कारागिराला बोलावून त्यातील जुने गवत काढावयाचे, नवे भरावयाचे आणि पाणी सोडावयाचे, हा दरवर्षीचा परिपाठ. त्या दिवशी कारागिराने गवताची एक बाजू ओढून काढली आणि तो एकदम म्हणाला, “बीबीजी, इसमें तो बच्चे हैं.” पाहते तो कापूस, सुतळीचे धागे आणि आमच्याच दोरीवरून नाहीशा झालेल्या एका पायमोज्याची लोकर यांचे सुरेख घरटे मध्येच फाटलेले, आणि त्यात बोटाएवढी तीन पिले वळवळत असलेली. डोळे मिटलेले, अंगावर लव नुकती धरलेली, पाठीवर पट्ट्यांच्या फिक्या रेघा. त्यांची आई समोरच्या कडुनिंबावर शेपटी झाडीत एकसारखी ‘चिक् चिक्’ करीत होती. तो आवाज मी आठवडाभर ऐकत होते; परंतु तो आपल्या घराशी संबंधित आहे, हे माझ्या ध्यानीही आले नव्हते.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांचे माहेर-सासर दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. तिकडे खारीला ‘चानी’ म्हणतात. त्यांनी घरट्याचे अवशेष एका बुटांच्या खोक्यात ठेविले, त्यात पिले ठेविली, खोके कूलरच्या माथ्यावर सावलीत ठेवून दिले आणि आम्हा सर्वांना आत ओढून दार लावून घेतले. “ती नेईल. आपण नजरेआड झाले पाहिजे,” एवढेच त्या म्हणाल्या. आणि खरोखरीच अर्ध्या तासात ती आली. एका पिलाला तोंडात धरून कठड्यावरून कडुनिंबावर गेली. पाऊण तासाने दुसऱ्याला घेऊन गेली. तिसऱ्यासाठी मात्र ती आली नाही. आम्ही दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. वसाहतीतील मांजर दोन वेळा जिन्यापर्यंत येऊन गेले. अंधार पडला आणि पिलू हाताला गार लागू लागले, तेव्हा त्याला आत घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. असे पिलू सापडले की लगेच उचलून घरात आणण्याचा मोह होतो. परंतु आईला दिवसभराची संधी देणे हा पहिला उपचार आहे, हे मी त्या दिवशी शिकले. तीनांतील दोन पिले त्यामुळेच आपल्या घरी गेली.

आमची आठ वर्षांची मुलगी तिला ‘चानी’ म्हणू लागली आणि तेच नाव कायम झाले. दुसऱ्या दिवशी मी तिला रुमालात गुंडाळून पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी येथे लिहून ठेवते, कारण पुष्कळ पिले दयेच्या अभावी नव्हे, तर अज्ञानाने मरतात. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब द्यावी, मग अन्न. थंड पोटात गेलेले दूध पचत नाही. गाईचे दूध नको, त्याने जुलाब होतात. कुत्र्याच्या लहान पिलांसाठी मिळणारी दुधाची पूड उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवून द्यावी. सुई काढलेल्या एक मिलिलिटरच्या पिचकारीने थेंब थेंब पाजावे. मुलाला घेतो तसे उताणे कधीही धरू नये. पालथे, डोके किंचित वर असे धरावे, नाही तर दूध नाकात जाऊन फुप्फुसात उतरते. पाजून झाले की ओल्या कोमट कापसाने पोटाच्या खालचा भाग हलकेच पुसावा, कारण इतक्या लहान पिलाला लघवीही आपण होऊन करता येत नाही. आई चाटते म्हणून ती होते. शेवटची गोष्ट, रोज सकाळी वजन करावे. त्या दिवशी स्वयंपाकघरातील लहान काट्यावर चानीचे वजन २४ ग्रॅम भरले. मोठी झाल्यावर ती शंभर ग्रॅमच्या आसपास भरेल, असे ते म्हणाले.

पहिले दहा-बारा दिवस घरात तान्हे मूल असल्यासारखे गेले. रात्रीची पाळी माझी, दिवसाची सासूबाईंची. कचेरीत चहाच्या वेळी चानीची बातमी सांगितल्याखेरीज गत्यंतर नसे. आमच्या टेबलाभोवती निरनिराळ्या भाषांचे संपादक बसतात. बंगालीभाषी सहकारी तिला ‘काठबिडाली’ म्हणत, म्हणजे लाकडावरची मांजर; गुजरातीभाषी बाई ‘खिसकोली’, तमिळभाषी गृहस्थ ‘अणिल’. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या खारीची आणि तिच्या पाठीवरून फिरलेल्या रामाच्या बोटांची लोककथा मात्र सर्वांनाच ठाऊक होती. मुलीने घरी एक शंका काढली होती. दक्षिणेकडील खारीला तीन पट्टे असतात, मग दिल्लीच्या आपल्या चानीला पाच का? प्राणिशास्त्रज्ञ या दोन निरनिराळ्या जाती मानतात, असे मी सांगितले. सासूबाईंनी सांगितले, “इथे रामाने सगळा पंजा फिरवला असेल.” मुलीला दुसरे उत्तर अधिक पटले.

एप्रिल संपता संपता चानीचे डोळे उघडले. पुढचे दात दिसू लागले. ती खोक्याच्या कडा कुरतडू लागली, माझ्या बाहीतून खांद्यावर चढू लागली. आता वरचे अन्न सुरू करावयास हरकत नाही, असे पशुवैद्य म्हणाले. आणि येथून माझ्या चुकीची हकीकत सुरू होते.

आमची १६ मेची गाडीची तिकिटे काढलेली होती. सासूबाई दोन वर्षांनी कोकणात जाणार होत्या. घर उघडावयाचे, आंबे खावयाचे, मुलीला समुद्र दाखवावयाचा, असे बेत महिनोन्‌महिने चालले होते. दर तीन तासांनी दूध पिणारे पिलू गाडीतून नेता येत नाही, की शेजाऱ्यांच्या गळ्यातही घालता येत नाही. परंतु वाटीतले आपण होऊन खाणारी खार मात्र खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आनंदाने सांभाळली असती. तेव्हा १५ मेच्या आत तिने खावयास शिकले पाहिजे, असे मी ठरविले. अंकाचा मजकूर अमुक तारखेस छापखान्यात गेलाच पाहिजे, हे ज्या निश्चयाने ठरवितात, त्याच निश्चयाने ठरविले. एक वही घातली. कोणत्या दिवशी किती दूध कमी, किती घन पदार्थ अधिक, याचे कोष्टक आखले.

चानीपुढे मी काय काय मांडले नाही! दुधात भिजवलेला बिस्किटाचा चुरा, सफरचंदाचा कीस, भिजवून ठेचलेली बाजरी, काकडीची चकती, अंजिराचा गर. ती प्रत्येक वाटीजवळ जाई, हुंगे, वाटीत पाय घाली आणि मग माझ्या बोटांत पिचकारी शोधू लागे. महादेवी वर्मांच्या ‘मेरा परिवार’ या १९७२ सालच्या पुस्तकातील ‘गिल्लू’ ही खारीची हृद्य आठवण हिंदी शाळांतील मुले आवडीने वाचतात. त्या गिल्लूला काजू फार प्रिय होते, हे आठवून मी काजूही आणले. पशुवैद्यांनी ते बाजूस ठेवावयास लावले. काजू, शेंगदाणे, सूर्यफुलाचे बी यांत फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे. वाढत्या पिलाने त्यांवरच पोट भरले तर हाडे मऊ पडतात आणि एके दिवशी मागचे पाय चालेनासे होतात. तेव्हा असले पदार्थ चवीपुरतेच, तेही पुढे. आधी फळे, भाज्या, कोवळी पाने. शिवाय कुरतडावयास समुद्रफेसाचा तुकडा ठेवावा आणि सकाळचे कोवळे ऊन द्यावे. समुद्रफेस मला काष्ठौषधींच्या दुकानात मिळाला. चानीने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

तारखा पुढे सरकत होत्या आणि कोष्टक मागे पडत होते. तेव्हा मी निर्णय घेतला की, भूक लागल्यावाचून ती खाणार नाही. ८ मे रोजी मी दुपारचे दूध बंद केले, ९ तारखेस पहाटेचे. पिचकारी दिसली की ती मागते म्हणून मी पिचकारी कपाटात ठेविली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिले. मला वाटले, त्यांना आंब्यांची आठवण होत असावी.

त्या तीन दिवसांत वहीत जे आकडे उमटले ते असे : ४६, ४४, ४१. पाच ग्रॅम हे आपल्या दृष्टीने चिमूटभर मीठ. परंतु तिच्या शरीराचा तो नववा हिस्सा होता. ११ तारखेच्या संध्याकाळी मी कचेरीतून परतले तेव्हा चानी खोक्याच्या कोपऱ्यात गोळा होऊन पडली होती. हात लावला तर गार. चिकचिकणेही थांबले होते. खोक्यातील पाचही वाट्या जशाच्या तशा भरलेल्या होत्या. इतक्या अन्नाच्या मधोमध ते पिलू उपाशी मरत होते, आणि ती व्यवस्था मी स्वतः वहीत आखली होती.

सासूबाईंनी तिला उचलून आपल्या पदरात घेतले, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ धरली आणि म्हणाल्या, “पिचकारी आण. अगं, पोटाला पंचांग कळत नाही.”

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते. आठ वर्षांपूर्वी माझी प्रसूतिरजा संपत आली होती तेव्हा. मुलगी सहा महिन्यांची होणार, सोमवारी मी कामावर रुजू होणार, तेव्हा रविवारपर्यंत तिने वाटीतून पेज आणि वरचे दूध घेतलेच पाहिजे, असे तेव्हाही मी ठरविले होते. उष्टावणाला सोन्याच्या अंगठीने खीर चाटवून झाली, फोटो झाले, आणि त्यानंतरचे दहा दिवस ती घशातून हुंदके काढीत राहिली. मी कचेरीत प्रुफे तपाशीत असे आणि पदर ओला होत असे. सासूबाई तेव्हाही हेच म्हणाल्या होत्या; आणि मी, “आई, रजा तर पंचांगानेच मिळते ना?” असे तोडून उत्तर दिले होते. ते उत्तर खोटे नव्हते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला ते द्यावेच लागते. परंतु गेल्या आठ वर्षांत ते मला कधी पुरतेपणी पटले नव्हते, हे त्या रात्री कळले. या वेळी तर तेही उत्तर मजजवळ नव्हते. या वेळी फक्त आंबे होते.

रात्रभर आम्ही दोघींनी पाळीपाळीने तिला तासातासाला चार-चार थेंब पाजले. पहाटे तिने अंग ताणले आणि माझ्या अंगठ्याला धरून ती पिऊ लागली. सकाळी मी तिकिटे रद्द करण्याविषयी यजमानांशी बोलले. मला वाटले होते की सासूबाई हिरमुसतील. त्या देवापुढे वात लावीत होत्या. मागे न पाहता म्हणाल्या, “यंदाचे आंबे चानीने खाल्ले म्हणावे. पुढच्या वर्षी झाडाला पुन्हा लागतील.”

त्यानंतरची व्यवस्था सासूबाईंनी आपल्या हाती घेतली आणि माझी वही फक्त वजनापुरती उरली. त्यांची पद्धत साधी होती. दूध पूर्ववत, ती मागेल तेवढे. वाट्या सगळ्या उचलून टाकल्या. दुपारी चानी दूध पिऊन जागी असली म्हणजे त्या जमिनीवर फतकल मारून बसत, तिला मांडीवर सोडीत आणि स्वतः काही तरी खावयास घेत. तिला देत नसत. पेरूची फोड असे, काकडी असे, मऊ शिजवलेला तांबडा भोपळा असे. त्या सावकाश चावीत आणि मुलीला गोष्ट सांगत. “हे कसले खाणे शिकवणे?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “पंक्तीत बसल्यावाचून कोणते पोर जेवायला शिकले?”

पाचव्या दिवशी, १७ मे रोजी, चानी त्यांच्या हातावरून चढत बोटांपर्यंत गेली आणि त्यांनी धरलेल्या भोपळ्याच्या फोडीला दात लावले. मग मागच्या पायांवर बसून तिने दोन्ही हातांत तो कण धरला, फिरवून पाहिला आणि खाल्ला. कोणी शिकविले होते तिला असे दोन हातांत धरावयास? तिची आई तर कडुनिंबावर होती. खाण्याची रीत तिच्या अंगात उपजतच होती; ती बाहेर यावयास फक्त निर्भय पोट हवे होते. उपाशी पिलू नवे अन्न शोधीत नाही, ते ओळखीचेच अन्न मागत राहते. भरल्या पोटाचे पिलू मात्र गंमत म्हणून चावून पाहते. माझ्या कोष्टकाची सारी उभारणी याच्या नेमक्या उलट्या समजुतीवर झाली होती.

मुलगी धावत जाऊन आपली बारीकशी अंगठी घेऊन आली, कारण उष्टावण सोन्यावाचून होत नाही. आम्ही अंगठी भोपळ्याला टेकविली. सासूबाईंनी दृष्ट काढली. चानीने दरम्यान दुसरा कण घेतला होता.

पुढचा क्रम सांगण्यासारखा आहे, कारण त्यात आमचे कर्तृत्व काहीच नाही. भोपळ्यानंतर काकडी, मग भिजलेली बाजरी, मग सफरचंदाची साल. समुद्रफेस तिने एके रात्री आपण होऊनच कुरतडावयास घेतला. सकाळी खोक्यात पांढरी पूड सांडलेली दिसली. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणे ही तिची चैन नसून गरज आहे. घन अन्न वाढत गेले तसे दुधाचे थेंब आपोआप कमी झाले. दुपारचे दूध तिने एके दिवशी अर्धेच घेतले, मग पहाटेचे विसरली. ४ जूनच्या रात्री मी पिचकारी पुढे केली तेव्हा तिने नळी हुंगली, तोंड फिरविले आणि ती माझ्या खांद्यावरून पडद्यावर निघून गेली. वजन होते ६८ ग्रॅम. मी पिचकारी हातात घेऊन थोडा वेळ तशीच बसून राहिले. तिचे दूध संपले होते; माझी सवय मात्र संपावयाची होती.

वन्य प्राणी घरात बाळगण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निर्बंध घातले आहेत. परंतु कायदा नसता तरी तिला ठेवून घेण्याचे कारण उरले नव्हते. जूनभर ती गच्चीतील जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात राहिली. त्यात आम्ही कडुनिंबाच्या फांद्या, कोवळी पाने आणि पिकलेल्या निंबोळ्या ठेवीत असू. बाहेर तिला जे मिळणार तेच आत. मुलीला तिच्याशी खेळणे हळूहळू कमी करावयास सांगितले. हे तिला फार जड गेले, परंतु तिने ते केले. जुलैमध्ये पहिला पाऊस होऊन गेल्यावर आम्ही पिंजऱ्याचे दार उघडे ठेविले. चानी कठड्यावर गेली, परत आली. दुसऱ्या दिवशी कडुनिंबाच्या पहिल्या फांदीपर्यंत जाऊन आली. सुमारे पंधरा दिवस ती रात्री पिंजऱ्यात निजावयास येई आणि वाटीतले थोडे खाई. मग वाटी अर्धी राहू लागली. मग एके सकाळी ती भरलेलीच होती. मला ११ मेच्या त्या भरलेल्या वाट्या आठवल्या आणि क्षणभर काळजात धस्स झाले. इतक्यात मुलगी म्हणाली, “आई, वर बघ.” फांदीवर दोन-तीन खारी पळत होत्या. त्यांतली चानी कोणती, हे आम्हाला ओळखता आले नाही.

कोकणात आम्ही गेलो ते गणपतीत. आंबे हुकले होते, मोदक मिळाले.

तो अडलेला शब्द मी अंकात ‘दूध तोडणे’ असाच ठेविला. वाचकांच्या ओळखीचा शब्द बदलण्याचा अधिकार भाषांतरकाराला नसतो. परंतु मनातल्या मनात मी त्याचे क्रियापद बदलले आहे. तोडणे नव्हे, सोडविणेही नव्हे, सुटणे. फळ पिकले की देठ सुटतो तसे. त्यात आईने करावयाचे काम फार थोडे, आणि ते अवघड. नवे अन्न हाताशी ठेवावयाचे, जुने अन्न घाईने काढून घ्यावयाचे नाही, आणि मूल तोंड फिरवील त्या दिवशी आपण रडावयाचे नाही. ज्यांना पंचांगाने कामावर जावेच लागते त्यांना एवढे सगळे साधत नाही, हे मी जाणते. त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. माझ्या मुलीने दहा दिवस रडून अकराव्या दिवशी सासूबाईंच्या हातून पेज खाल्लीच होती. तेव्हाही पंक्तीला कोणी तरी जवळ बसले होते, एवढेच.

यंदा एप्रिलमध्ये कारागीर आला तेव्हा मी आधी बॅटरी घेऊन गवताच्या फटीतून पाहिले. आत कापूस होता, सुतळी होती, आणि काही तरी हालत होते. मी कारागिराला चहा पाजून परत पाठविले. यंदा निम्मा मे आम्ही नुसत्या पंख्याखाली काढला. दुपारी उकाडा असह्य होई तेव्हा यजमान कुरकुरत. सासूबाई विंझणवारा घेत म्हणत, “असू दे रे. खारीचा वाटा आहे तो.”